दहावा वाटा

दौंडच्या वकिलांनी फाईल टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"ताई, फाईल तयार आहे," ते म्हणाले. "सहीसुद्धा आत्ता करतो. नव्वद हजारांचं काय ते सांगा."

मी शिरूरहून त्यांच्या ऑफिसात गेले होते ते दोन गोष्टींसाठी. एक त्यांची सही, दुसरी ती फाईल. फाईल माझ्या अशिलाची होती. अशील म्हणजे ज्याची केस वकील चालवतो तो माणूस. या बाईचं नाव इथे सारिका म्हणू. वय एकतीस. माहेर दौंड तालुक्यातलं राहू, सासर शिरूर तालुक्यातलं निमोणे. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्यांतली शेवटची साडेतीन वर्षं ती माहेरी होती. मूलबाळ नव्हतं. वडील वारलेले होते. केसचं सगळं चुलते पाहत. त्यांना घरात आप्पा म्हणत.

फाईलमध्ये सारिकाची नर्सिंगची मूळ सर्टिफिकेटं होती. कंत्राटी स्टाफ नर्सच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता पुण्यात कागदपत्रांची पडताळणी होती. मूळ कागद नसतील तर प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी दौंडला गेले तो सोमवार होता.

घटस्फोटाचे वकील पैसे कसे लावतात, हे लोक मला नेहमी विचारतात. बहुतेक जण पैसे देऊन झाल्यावर विचारतात. मी तेरा वर्षं शिरूर कोर्टात वकिली करते. त्याआधी सहा वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात जिल्ह्याच्या बातम्या पाहत होते. त्यामुळे जे घडलं ते क्रमाने सांगते. दौंडच्या वकिलांचं नाव सांगत नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी फार फरक पडला नसता.

मोठ्या शहरांत काही वकील तासावर पैसे घेतात. तालुक्याला तास नसतो. बिलही नसतं. आकडा असतो आणि तो तोंडी असतो. 'केस संपेपर्यंत पंधरा', असं ठरतं. पंधरा म्हणजे पंधरा हजार. संपेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे कुणी विचारत नाही. या पंधरात टायपिंग, कोर्टाची तिकिटं, नोटिसा, नकला धरलेल्या नसतात. तो खर्च. फी वेगळी, खर्च वेगळा. त्याशिवाय तारीख. ज्या दिवशी केस कोर्टात पुकारली जाते ती तारीख. प्रत्येक तारखेला वकिलाला पाचशे आणि त्याच्या क्लार्कला शंभर. त्या दिवशी साक्ष होवो किंवा न्यायाधीश रजेवर असोत, पाचशे तेवढेच. म्हणजे केस लवकर संपली तर नुकसान वकिलाचं होतं. मीही अनेक वर्षं तारखेचे पैसे घेतले आहेत. केस लांबवावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. ती लवकर संपवायची घाईही मी कधी केली नाही.

सारिका पहिल्यांदा माझ्याकडे आली ती आप्पांबरोबर. तिच्या दोन केसेस होत्या. पोटगीची तिने दौंडला लावली होती. घटस्फोटाची नवऱ्याने शिरूरला लावली होती. दोन्हींत तिचे वकील दौंडचेच. त्याच्या महिनाभर आधी निमोण्याला दोन्हीकडच्या पाहुण्यांची बैठक झाली आणि तडजोड ठरली. नवऱ्याने एकरकमी नऊ लाख द्यायचे. साडेचार लाख शिरूर कोर्टात संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल होईल त्या दिवशी, साडेचार लाख निकालाच्या दिवशी. दौंडची पोटगीची केस काढून घ्यायची. दोन्ही बाजूंचे दहा लोक दोन तास बोलले. वकिलांबद्दल एकच वाक्य झालं. ज्याचा वकील त्याने बघावा.

शिरूरला यायचं तर दर खेपेला तीन हजार आणि गाडी, असं दौंडच्या वकिलांनी सांगितलं. म्हणून शिरूरचा वकील करायचा, असं सारिकाने ठरवलं. ती माझ्याकडे आली.

मी तिच्या पोटगीच्या केसचा रोजनामा काढला. रोजनामा म्हणजे कोर्टात त्या दिवशी काय झालं याची एका-दोन ओळींची नोंद. साडेतीन वर्षांत बेचाळीस तारखा पडल्या होत्या. त्यांतल्या नऊ तारखांना काही तरी काम झालं होतं. उरलेल्या तेहतीस वेळा समोरचे वकील गैरहजर, साक्षीदार गैरहजर, न्यायाधीश रजेवर, किंवा नुसतं 'वेळेअभावी पुढील तारीख'. बेचाळीस गुणिले सहाशे आणि सुरुवातीचे पंधरा हजार. सारिकाने चाळीस हजार दोनशे रुपये दिले होते. तिला पोटगी मंजूर झाली होती महिना चार हजार. ती कधी यायची, कधी थकायची.

"एवढे देऊन झालेत," मी म्हणाले. "मग नव्वद हजार कशाचे मागतायत ते?"

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दहावा वाटा हाय त्यांचा."

"कुणी ठरवला?"

"म्याच बोललो व्हतो. केस लावली तवा."

आप्पा राहूत ऊस करतात. त्यांच्याकडे दुसऱ्याची चार एकर जमीन वाट्याने आहे. विहीर तीन भावकीत वाट्याने आहे. त्यांच्या व्यवहारात पैसे आधी मोजायची पद्धत कमी. माणूस कामाला जोडून घ्यायचा तर त्याला वाटा द्यायचा. वाटा दिला की तो आपलं काम म्हणून राबतो. साडेतीन वर्षांपूर्वी दौंडला वकीलपत्रावर सारिकाची सही झाली, तेव्हा आप्पांनी त्याच रिवाजाने शब्द टाकला. वकीलपत्र म्हणजे माझ्या वतीने यांनी कोर्टात उभं राहावं, असा कागद. आप्पा म्हणाले होते, "साहेब, पोरीला जे काय मिळंल त्यात दहावा वाटा तुमचा. आपली केस समजून लढा." वकील हसले होते. नको म्हणाले नव्हते.

मी आप्पांना नियम सांगितला. निकालातून मिळणाऱ्या रकमेत वकिलाने हिस्सा ठरवून घ्यायचा नाही. वकिलांच्या आचारनियमांत याला बंदी आहे.

"त्यांनी कुठं ठरीवला? म्याच दिला की."

"लिहून दिला का?"

"लिवून कशाला? जबान दिली, मॅडम. चार मान्सांत बसतो-उठतो आपण."

सारिका मध्येच म्हणाली, "जबान तुम्ही दिली, आप्पा. पैसे माझे हायेत."

"अगं, तवा तुझ्यामागं व्हतं कोण? बापाच्या जागी म्या हुबा ऱ्हायलो का न्हाई?"

"राहिलात. मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्या घरात मी मार खाल्ला, तवा त्यात कुणी वाटा मागितला नव्हता."

आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "ही शिकली आन् घरातल्या शब्दाची किंमत गेली."

"शिकले त्याचे कागद त्यांच्याकडं अडकलेत, आप्पा. तेवढं तरी सोडवा."

कागद तिथे कसे गेले, हे मी विचारलं. नवऱ्याच्या वकिलांनी कोर्टात म्हटलं होतं की बाई नर्स आहे, कमावती आहे, तिला पोटगी कशाला. शिक्षण आहे पण नोकरी नाही, असं उत्तर द्यायला दौंडच्या वकिलांनी सर्टिफिकेटं मागवली. कोर्टाला मूळ कागद दाखवावे लागतात हे खरं आहे. दाखवून झाले की त्याच दिवशी परत घ्यायचे असतात. सारिकाने मागितले तेव्हा क्लार्क म्हणाला, "राहू द्या, परत लागतील." ते फाईलमध्ये राहिले. ती बिनपगारी आहे हे सिद्ध करायला गेलेले कागद आता तिच्या पगारासाठी हवे होते.

निघताना सारिकाने विचारलं, "मॅडम, तुमचं कसं?"

"पंचवीस हजार. अर्धे अर्ज दाखल होताना, अर्धे निकालानंतर. तारखेचे वेगळे नाहीत."

"पंचवीस कसे आले?"

हा प्रश्न तेरा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज आठ पानांचा असतो. त्यातली सहा पानं प्रत्येक केसला तीच असतात. नावं, गावं, तारखा बदलतात. कोर्टात दोनदा उभं राहावं लागतं.

"समोरचा माणूस बघून आकडा सांगतो आम्ही," मी म्हणाले. "नऊ लाखांची तडजोड आहे, म्हणून पंचवीस. तीन लाखांची असती तर पंधरा म्हणाले असते."

"म्हंजी तुमचाबी वाटाच झाला."

तिने आप्पांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि दोघं निघाले.

आता सहीबद्दल. अशिलाला वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुना वकील 'ना हरकत' असं लिहून सही करतो. ती नसली तरी वकील बदलता येतो. त्यासाठी कोर्टात अर्ज द्यावा लागतो. जुन्या वकिलाला नोटीस जाते. त्याचं म्हणणं येतं. म्हणजे पुन्हा तारखा. फीसाठी वकिलाने अशिलाची फाईल अडवून ठेवायची नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच स्पष्ट केलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टांत हे सगळ्यांना माहीत आहे आणि फाईल अडते.

सारिकाचा पेच सरळ होता. वकील म्हणत होते, आधी नव्वद हजार, मग सही आणि फाईल. नव्वद हजार येणार होते नवऱ्याकडून, अर्ज दाखल होईल त्या दिवशी. अर्ज दाखल करायला सही लागत होती. आणि अर्जाचं जे व्हायचं ते होवो, सर्टिफिकेटं गुरुवारच्या आत हातात हवी होती.

म्हणून त्या सोमवारी मी स्वतः दौंडला गेले. मी एकेक नियम सांगितला. वकिलांनी पूर्ण ऐकून घेतलं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. चहा मागवला.

"ताई, नियम मलाही पाठ आहेत. मी मागितलेत का? तिच्या चुलत्याने चार लोकांसमोर दिले. आता पैसे निघाले तर मी वाईट?"

"फी आणि तारखेचे मिळून चाळीस हजार तुम्हाला पोचलेत."

"साडेतीन वर्षांत चाळीस. महिन्याला हजारसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात माझ्या ऑफिसचं लाईट बिल भागतं का? नवऱ्याची बाजू दोन लाखांवर अडून बसली होती. नऊ कशामुळे झाले? बैठकीमुळे? मी पोटगी चालू ठेवली, थकबाकीचं वॉरंट काढलं, म्हणून झाले."

यात तथ्य होतं. वॉरंटची तारीख त्या नऊ कामाच्या तारखांपैकी होती.

"मग तेव्हाच फी जास्त सांगायची होती," मी म्हणाले.

"सांगितली असती तर ती लोकं दारातून उठून गेली असती. तुम्हाला माहीत नाही का? आम्ही सुरुवातीला कमी सांगतो, कारण जास्त सांगितलं तर केस शेजारच्या वकिलाच्या टेबलावर जाते. मग शेवटी भरून काढतो. तुमच्या शिरूरला काय वेगळं चालतं?"

"सर्टिफिकेटं तरी द्या. त्यांचा फीशी संबंध नाही. तिची नोकरी जाईल."

"ती दिली की मग माझ्याकडे कोण फिरकतंय?" ते शांतपणे म्हणाले. "तक्रार करायची असेल तर करा. माझी ना नाही. तिचीही तारीख पडेल."

शेवटी मी आकड्यावर आले. मी चाळीस म्हणाले. ते पंचाहत्तर म्हणाले. पासष्टवर थांबलो. नियम सांगायला गेलेली मी भाव ठरवून परत आले.

मी सारिकाला फोन केला. तिला तीन मार्ग सांगितले. कोर्टात अर्ज, तो गुरुवारच्या आत होणार नाही. सर्टिफिकेटांच्या दुसऱ्या प्रती, त्यासाठी कागद हरवले अशी खोटी तक्रार द्यावी लागेल आणि आठवडे जातील. किंवा पासष्ट हजार. ती म्हणाली, "तुम्ही काय केलं असतं?" मी म्हणाले, "दिले असते." हा सल्ला माझा होता.

पैसे आप्पांनी गावच्या पतसंस्थेतून काढले. मंगळवारी दुपारी ते दौंडला पोचले. मी शिरूर कोर्टात होते. त्यांचा फोन आला.

"मॅडम, सही केली साहेबांनी. पन फाईल उद्या देतो म्हणत्यात. पैसे देऊ का थांबू?"

"त्यांना फोन द्या."

वकील म्हणाले, "ताई, पूर्ण फाईलची झेरॉक्स काढून ठेवतो माझ्याकडे. उद्या सकाळी दहाला तिला पाठवा, हातात देतो. माझा शब्द आहे."

बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, वकील एकमेकांच्या शब्दावर बरंच काही चालवतात. पुढची तारीख कोणती घ्यायची, साक्ष आज घ्यायची की नाही, हे तोंडी ठरतं आणि पाळलं जातं. त्या दिवशी माझी स्वतःची केस पुकारली जात होती. मी आप्पांना म्हणाले, "द्या."

पासष्ट हजार रोख गेले. पावती मिळाली नाही. मी मागायला सांगितली नव्हती.

बुधवारी सकाळी पावणेदहाला सारिका दौंडच्या ऑफिसपाशी उभी होती. कुलूप होतं. अकराला क्लार्क आला. त्याने दार उघडलं, पण कपाटाची किल्ली साहेबांकडे. साहेब बारामतीकडे भाच्याच्या लग्नाला गेलेले. त्यांचा फोन बारापर्यंत लागला नाही. दुपारी दोनला माझा फोन त्यांनी उचलला. मागे बँड वाजत होता.

"ताई, विसरलोच बघा. उद्या नक्की."

"उद्या अकराला तिला पुण्यात दाखवायचीत."

"झेरॉक्स आहे ना तिच्याकडे? हल्ली चालतं झेरॉक्सवर. मी सांगतो, चालतं."

"किल्ली कुणाबरोबर तरी पाठवा. मी गाडी पाठवते."

"लग्नातून माणूस कुठून काढू? मुहूर्त आलाय. ठेवतो."

मी कपाटाचं कुलूप तोडायचं क्लार्कला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने तोडलं नसतं. सारिकाने मात्र त्याला विचारलं होतं, हे नंतर कळलं. तो म्हणाला होता, "बाई, तुमची एक फाईल हाय. माझा रोजचा पगार हाय."

गुरुवारी ती झेरॉक्स घेऊन पुण्याला गेली. टेबलावरच्या माणसाने नाव शोधलं, झेरॉक्स पाहिली आणि मूळ प्रत मागितली. ती वकिलांकडे आहे, उद्या देते, असं तिने सांगितलं. तो उद्धट नव्हता. "ताई, दिवसभरात वीस जण हेच सांगतात," म्हणाला. तिने साडेपाचपर्यंत बाकावर बसून वाट पाहिली, कुणी पुन्हा बोलावतंय का म्हणून. तिच्यानंतरच्या मुलीची पडताळणी साडेबारालाच झाली होती.

फाईल शुक्रवारी मिळाली. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यात वर होती. फाईलच्या फितीची गाठ मी सोमवारी पाहिली होती तशीच होती. झेरॉक्स काढायची तर ती सोडावी लागते. यावरून काही सिद्ध होत नाही. नोंद म्हणून लिहिते.

त्या आठवड्यात मी वकिलांच्या परिषदेकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा केला. सारिकाने तो वाचला.

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. वर्षं. दोन, कदाचित तीन."

"आन् मला यावं लागंल?"

"बोलावतील तेव्हा."

"म्हंजी परत तारखा."

तिने सही केली नाही. मी आग्रह धरला नाही. त्याच महिन्यात दौंड कोर्टात माझी एक केस होती आणि समोर तेच वकील होते. माझ्या अशिलाची साक्ष त्यांच्या सहकार्याशिवाय लवकर झाली नसती. हे कारण तेव्हा मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात शिरूरला अर्ज दाखल झाला. कोर्टाने दोघांना विचारलं, स्वखुशीने वेगळे होताय का. दोघांनी हो म्हटलं. साडेचार लाखांचा डिमांड ड्राफ्ट तिच्या हातात आला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने आप्पांच्या नावे पासष्ट हजारांचा चेक लिहिला. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, घाई काय हाय?" तिने चेक पुढे धरून ठेवला. त्यांनी तो घेतला, घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. नवराबायको पुन्हा विचार करतील म्हणून ही मुदत ठेवली आहे. कोर्ट ती माफ करू शकतं. आम्ही माफी मागितली नाही, कारण नवऱ्याला उरलेले साडेचार लाख जमवायचे होते. सहा महिन्यांनी ते आले आणि निकाल झाला. दौंडची पोटगीची केस काढून घेतली गेली. कागदावर सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

निकालाच्या दिवशी कोर्टाला ओळख पटवायला मूळ आधार कार्ड लागतं. माझ्या क्लार्कने सारिकाकडे हात पुढे केला. ती म्हणाली, "मी दाखवते." तिने ते न्यायाधीशांसमोर स्वतः धरलं आणि परत पर्समध्ये ठेवलं.

माझे साडेबारा हजार यायचे होते. मी म्हणाले, पाच कमी द्या. ती म्हणाली, "ठरलंय तेवढं घ्या, मॅडम. पावती द्या फक्त." माझ्याकडे पावती पुस्तक नव्हतं. तेरा वर्षांत लागलं नव्हतं. लेटरहेडवर लिहून दिली. तिने उभ्या उभ्या सगळी वाचली, तारीख राहिली होती ती घालायला लावली.

ती आता शिक्रापूरच्या एका खासगी दवाखान्यात काम करते. पगार तेरा हजार. पुण्याच्या यादीतल्या जागेचा पगार याच्या दुपटीहून थोडा जास्त होता.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत एक कागद देते. फी किती, कधी द्यायची, त्यात काय धरलं आहे, काय धरलेलं नाही, तारखेचे पैसे नाहीत, मूळ कागद मी ठेवून घेणार नाही. खाली माझी सही. दुसरी प्रत अशिलाच्या सहीची. एका पानात मावतं.

काही महिन्यांपूर्वी आप्पा न्हावऱ्याच्या स्टँडवर भेटले. ऊस तुटला, पाणी बरं आहे, सारिका बरी आहे, असं बोलणं झालं. मग म्हणाले, मेव्हणीच्या पोरीचंही तसंच झालंय, केस लावली.

"कुणाकडे दिली?"

"दौंडलाच. त्याच साहेबांकडं."

"आप्पा, त्यांच्यामुळे सारिकाची नोकरी गेली."

"लग्न निघालं घरात, एक-दोन दिस मागंपुढं झालं. व्हतं मान्साचं," आप्पा म्हणाले. "तुमच्याकडं आनणार व्हतो पोरीला. पन तिचा बाप म्हनला, त्या बाई आधी कागद पुढं करत्यात. सही घेत्यात. तवा काय वाटतं मान्साला? फशीवणार हायेत म्हनूनच सही घेत्यात." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "राग नका धरू, मॅडम. तुम्ही काम चांगलं करता. पन लई लिवून घेता."

एवढ्यात त्यांची एस.टी. लागली.

कागद द्यायला लागल्यापासून माझ्याकडची घटस्फोटाची कामं निम्म्यावर आली आहेत. खर्च आधी कळायला हवा, असं प्रत्येक जण म्हणतो. आधी सांगितला की विचार करून येतो म्हणतात, आणि शेजारच्या टेबलावर जातात.